ओळ कोठे तोडावी

आजीने वहीत उतरवून ठेवलेले अभंग मी काही वर्षांपूर्वी संकेतस्थळावर घालू लागलो, तेव्हा पहिल्याच पानावर सगळे चरण एकमेकांना चिकटून गद्याचा उतारा तयार झाला. टंकताना मी प्रत्येक ओळीनंतर एंटरची कळ दाबली होती. परंतु एंटर, टॅब आणि लागोपाठ दिलेल्या मोकळ्या जागा या सर्वांची मिळून ब्राउझर एकच मोकळी जागा धरतो, हे मला ठाऊक नव्हते. ओळ खरोखर तोडायची असेल, तर तेथे बीआर टॅग, म्हणजे ‘येथे ओळ तोड’ असे ब्राउझरला सांगणारी खूण, द्यावा लागतो. त्याच्या पोटात मजकूर नसतो, म्हणून त्याला बंद करणारा टॅगही नसतो.

मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा असतो आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळते. तेथे ओळ भलतीकडे तुटली, तर वाचणाऱ्याचा ठेका चुकतो. म्हणजे ही तोड मजकुराचाच भाग आहे. पत्त्याचेही तसेच. एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपाने ज्या खुणांनी लिहितात त्या भाषेच्या, अधिकृत नियमावलीत बीआरसाठी कविता आणि पत्ता हीच उदाहरणे दिलेली आहेत, याचे मला फार समाधान वाटते.

हा टॅग हाती आल्यावर मात्र मी तो नको तेथेही वापरला. दोन परिच्छेदांत अंतर हवे, म्हणून दोन बीआर. चित्राखाली जागा हवी, म्हणून चार. दिसायला पान ठीक होते, पण दृष्टिहीन वाचकांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात परिच्छेद सापडत नव्हते, कारण मी ते केलेच नव्हते. परिच्छेदाला त्याचा स्वतःचा पी टॅग द्यावा आणि अंतर सीएसएसमधील (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील) मार्जिनने, म्हणजे बाहेरच्या मोकळ्या जागेच्या मापाने, ठरवावे, हे कळल्यावर मी सगळी पाने पुन्हा लिहून काढली.

मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब चरण आपोआपही मोडतो आणि उरलेला तुकडा नव्या चरणासारखा दिसतो. त्यावर मी केलेला उपाय असा, की प्रत्येक ओळ स्वतंत्र ब्लॉकमध्ये ठेवायची, तिला डावीकडून दोन ईएम पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, द्यायचे (एक ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढे माप) आणि टेक्स्ट-इंडेंट, म्हणजे पहिल्या ओळीचे आत सरकणे, उणे दोन ईएम करायचा. त्यामुळे ओळीचा आरंभ कडेला राहतो, मोडलेला भाग आत सरकतो आणि आजीने जेथे ओळ संपवली होती, ती जागा लहान पडद्यावरही ओळखू येते.