आजींना कुठल्या कुटुंबात लिहू?

२०१०च्या मे महिन्यात जनगणनेच्या घरयादीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा लालबागमधल्या आमच्या गटातल्या कितीतरी खोल्यांना कुलूप होतं. मे म्हणजे गाव. शाळांना सुट्टी लागली की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची, सातारा-कोल्हापूरकडची मंडळी पोराबाळांसकट गाडीत बसतात आणि चाळीच्या गॅलऱ्या रिकाम्या होतात. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. आम्हा शिक्षकांना सुट्टीतच प्रगणक म्हणून नेमणुकीचं पत्र येतं. शेजाऱ्याला विचारायचं, ‘कधी येणार?’ उत्तर ठरलेलं, ‘शाळा उघडली की.’ मग त्या दारासाठी पुन्हा फेरी.

एका प्रगणकाकडे साधारण सव्वाशे ते दीडशे घरं, म्हणजे साडेसहाशे-सातशे माणसं. आधी गटाचा नजरी नकाशा काढायचा, इमारतींना नंबर द्यायचे, आणि मग दारोदार ३५ रकान्यांचा फॉर्म भरत फिरायचं. भिंत कशाची, छत कशाचं, पाणी घरात येतं की बाहेरून आणावं लागतं, संडास स्वतःचा की सामायिक, राहत्या खोल्या किती, लग्न झालेली जोडपी किती, टीव्ही, मोबाइल, सायकल. बहुतेक दारांत पंधरा मिनिटांत काम होतं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत माझी अख्खी दुपार गेली, आणि ती दुपार मला आजही तपशिलानं आठवते.

खोली दहा बाय बारा. दारातून आत गेलं की डाव्या हाताला ओटा, त्यावर एक शेगडी. समोर मोरीच्या कट्ट्याला लागून टेबल, त्यावर दुसरी शेगडी. दोन सिलिंडर, पाण्याची दोन पिंपं, भांड्यांच्या दोन मांडण्या. एका मांडणीतल्या भांड्यांवर थोरल्या भावाचं नाव कोरलेलं, दुसरीतल्यांवर धाकट्याचं. काही जुनी पितळी भांडी मात्र दोन्हीकडे सारखी वाटलेली दिसली, आणि त्यांच्यावर त्यांच्या वडिलांचं नाव होतं. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर भाडेपावती आईच्या नावावर झाली. आजी दाराशी खाटेवर बसून होत्या.

‘किती कुटुंबं राहतात इथे?’ मी विचारलं.

‘एकच लिहा, बाई,’ थोरला म्हणाला. ‘आईच्या नावावर खोली आहे. सगळे एकच आहोत.’

‘एक कसं?’ धाकटी सून मोरीपासून म्हणाली. ‘चूल वेगळी होऊन चार वर्षं झाली. मीठसुद्धा वेगळं आहे आमचं.’

जनगणनेत कुटुंब ठरतं ते नात्यावरून नाही आणि खोलीवरूनही नाही. जे लोक एरवी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. सख्खे भाऊ एका छपराखाली राहून वेगळं रांधत असतील तर कुटुंबं दोन. प्रशिक्षणात हे आम्हाला घोटून सांगितलं होतं. नियम माझ्यापुरता स्वच्छ होता, पण त्या खोलीत त्याला वेगळंच वजन होतं. त्याच सुमारास बिल्डरची माणसं चाळीत येऊन बैठका घेऊन गेली होती. थोरल्याला वाटत होतं, सरकारी कागदावर दोन कुटुंबं लागली की धाकटा उद्या अर्ध्या घरावर हक्क सांगेल. धाकट्या सुनेला नेमकं तेच हवं होतं.

दोघांचंही गणित मुळात चुकत होतं. जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या पुनर्विकासात घर मिळतं ते भाडेकरूच्या हिशेबानं. एक पावती, एक घर. १३ जून १९९६ नंतर खोलीचे भाग पाडून नवे भाडेकरू दाखवले तरी त्याला जादा घर नाही. आत किती शेगड्या पेटतात हे तिथे कुणी विचारत नाही.

मी सूचनापुस्तिका काढली आणि १९४८च्या जनगणना कायद्यातलं १५वं कलम सोप्या शब्दांत दोघांना समजावलं. मी घरयादीत जे लिहीन ते कुणालाही बघता येणार नाही, आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालणार नाही. ना थोरल्याच्या विरुद्ध, ना धाकट्याच्या बाजूनं. त्याच फेरीत राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचा, म्हणजे रहिवाशांच्या नावनिशीवार यादीचाही फॉर्म होता आणि त्याचा कायदा वेगळा, म्हणून हे आश्वासन घरयादीपुरतंच आहे, हेही मी स्पष्ट सांगितलं. अर्धवट भरवसा देऊन माहिती काढून घेणं मला पटत नाही. माणसं दारात उभं करतात ती आपल्या शब्दावर.

थोरल्याचा चेहरा सैल झाला. धाकटीचा पडला. पण एक झालं, आता खोटं बोलून कुणाचाच फायदा नव्हता. थोरला स्वतःच म्हणाला, ‘लिहा मग दोन. आहेत ते आहेत.’

पुढचा रकाना राहत्या खोल्यांचा. इथं दुसरी गाठ. थोरल्याचं म्हणणं, पोटमाळा आमचा, खालची जागा त्यांची, म्हणजे प्रत्येकी एक खोली लिहा. ऐकायला बरोबर वाटतं. मी शिडीवरून वर चढून पाहिलं. थोरल्याची दोन मुलं तिथे झोपत, अभ्यासही तिथेच करत. पत्र्याच्या पेट्या, वह्या, भिंतीला चिकटवलेलं पाढ्यांचं पान. बसता येत होतं, उभं राहता येत नव्हतं. जनगणनेच्या व्याख्येत खोली म्हणजे चार भिंती, दार, वर छप्पर. लांबी किमान दोन मीटर, रुंदी दीड मीटर आणि उंची दोन मीटर. पोटमाळा त्यात बसत नाही. रात्री दोरीवर ओढायचा पडदाही भिंत होत नाही. म्हणजे खोली एकच, आणि ती दोन कुटुंबांची मिळून. अशा वेळी दोन्ही कुटुंबांपुढे स्वतंत्र राहत्या खोल्या म्हणून शून्य लिहायचं असतं.

मी शून्य लिहिलं. दोनदा.

धाकटी माझ्या खांद्यावरून बघत होती. ‘शून्य? मग आम्ही राहतो कुठं?’

तिला मी समजावलं की हे शून्य म्हणजे घर नाही असं नव्हे, फक्त तुमची अशी वेगळी खोली नाही. ती काही बोलली नाही. जोडप्यांचा प्रश्न मी हळू आवाजात विचारला आणि उत्तराची वाट न बघता दोन्ही कुटुंबांपुढे एकेक लिहिलं. एकशेवीस चौरस फुटांत, सासू आणि मुलांच्या देखत हा प्रश्न मोठ्यानं विचारायचा नसतो. हे कुठल्या पुस्तिकेत नाही, पण प्रशिक्षणात सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे.

मग आजी.

‘आजी, तुम्ही कुणाकडे जेवता?’

‘एक तारखेपासून पंधरापर्यंत मोठीकडे. सोळापासून धाकटीकडे.’

‘आणि एकतीस तारखेला?’

‘लेकीकडे जाते, काळाचौकीला. कुणाला जड नको.’

दोन्ही सुना गप्प होत्या. त्या वाईट होत्या असं मला मुळीच म्हणायचं नाही. धाकटीनं माझ्यापुढे चहा ठेवला तेव्हा आजींचा कप आधी भरला होता. चहाला पाळी नाही, असं आजी म्हणाल्या. दोन्ही पगार बेताचे, महिन्याचा किराणा मोजून आणलेला, अशा घरात म्हाताऱ्या माणसाचं ताट वाटून घेणं ही एक व्यवस्था असते. भांडण टाळण्यासाठीच ती केलेली असते. गिरणगावातल्या खोल्यांत मी ती अनेकदा पाहिली आहे.

पण फॉर्ममध्ये माणूस अर्धा-अर्धा लिहिता येत नाही. मी पर्यवेक्षकांना फोन केला. ते म्हणाले, ज्या कुटुंबात सध्या जेवतात तिथे लिहा, दोनदा मोजू नका आणि सोडूही नका. महिन्याचा पहिला पंधरवडा होता, म्हणून आजी थोरल्याच्या कुटुंबात. कुटुंबप्रमुख कोण, हे कुटुंबच सांगतं. थोरला म्हणाला, ‘आईच.’ आणि त्यामुळे आणखी एक चमत्कारिक गोष्ट झाली. पावती आजींच्या नावावर, म्हणून थोरल्याच्या कुटुंबाचं घर ‘भाड्याचं’. धाकट्याच्या कुटुंबात पावतीवालं कुणीच नाही, तो भाडंही भरत नाही, मालकही नाही; त्याच्यापुढे ‘इतर’. तोच दरवाजा, तेच छप्पर, आणि दोन ओळींत दोन वेगळी उत्तरं.

पुढच्या वर्षी प्रत्यक्ष माणसांची गणना होती, ९ ते २८ फेब्रुवारी २०११. त्या मजल्यावर मी पोचले तेव्हा महिन्याचा दुसरा पंधरवडा चालू होता. आजी धाकट्याच्या ताटावर, म्हणून आता धाकट्याच्या कुटुंबात. खाट होती तिथेच होती. धाकट्याला प्रमुख कोण विचारलं तर तोही म्हणाला, ‘आईच लिहा.’ पण खरी कसोटी पुढेच होती. जनगणनेचा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो क्षण, होता १ मार्च २०११, ०० वाजता. म्हणजे नेमकी ती मध्यरात्र, जेव्हा आजींची पाळी एका सुनेकडून दुसरीकडे जाते! १ ते ५ मार्चच्या उजळणी फेरीत मी हा प्रश्न पुन्हा पर्यवेक्षकांपुढे ठेवला. त्यांनी सांगितलं, उजळणीत मधल्या काळातले जन्म, मृत्यू आणि नव्यानं राहायला आलेली माणसं पाहायची, ताट बदललं म्हणून नोंद हलवायची नाही. आजी धाकट्याकडेच राहिल्या. एक माणूस, एक नोंद. माझ्या दृष्टीनं तेवढं नीट झालं म्हणजे काम नीट झालं.

त्या जनगणनेचे आकडे आले तेव्हा ते मी उत्सुकतेनं वाचले. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा बेटाचा भाग, दहा वर्षांत ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आला होता. साडेसात टक्क्यांहून जास्त घट. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ झाली होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत जास्त. लालबाग-परळकरांना यात नवल वाटलं नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, आणि मुलाचं लग्न ठरलं की विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूरला खोली बघायची ही आमच्याकडची रीतच झाली. बेटावर हजार पुरुषांमागे बायका ७७७ होत्या त्या ८३२ झाल्या. एकट्यानं राहून खाणावळीत जेवणाऱ्या पुरुषांची मुंबई कशी ओसरत गेली, ते त्यातही दिसतं.

पण ‘घट’ हा शब्द वर्तमानपत्रात वाचला की लोकांना वाटतं, दक्षिण मुंबईत आता जागा मोकळी झाली असेल. मला ती दहा बाय बाराची खोली माहीत होती. माणसं कमी झाली म्हणून उरलेल्यांची दाटी कमी झाली असं होत नाही. कुलूप एका खोलीला असतं आणि दोन शेगड्या दुसऱ्या खोलीत असतात. हे डोकी मोजून कळत नाही. ते कळतं घरयादीच्या त्या तक्त्यातून, ज्यात ‘स्वतंत्र खोली नाही’ असा एक वेगळा रकाना आहे. २०११ला देशातल्या शंभरपैकी जवळपास चार कुटुंबं त्यात होती. लालबागची ती दोन कुटुंबंही त्यातच आहेत. घराच्या धोरणावर बोलणारी मंडळी माणशी चौरस फूट आणि इमारतींचे मजले यांवर खूप बोलतात. हा रकाना त्यांनी आधी उघडावा असं मला मनापासून वाटतं. पुनर्विकासाच्या यादीत त्या खोलीपुढे एकच नाव आहे, आणि कायद्यानं ते बरोबरही आहे. दुसऱ्या शेगडीची सरकारदरबारी मला माहीत असलेली नोंद फक्त जनगणनेत झाली.

काही वर्षांनी धाकटा नालासोपाऱ्याला गेला. आजींची पाळी तेव्हा मोडली. त्या थोरल्याकडेच राहिल्या, सणासुदीला धाकट्याकडे.

आता पुढची जनगणना १ मार्च २०२७च्या संदर्भानं होते आहे. कागदाऐवजी मोबाइलवर, आणि जातीच्या नोंदीसह. आमच्या शाळेतल्या तरुण शिक्षिका मला विचारतात, कठीण काय असतं? मी त्यांना दोन गोष्टी सांगते. एका खोलीत दोन कुटुंबं दिसली तर खोल्यांपुढे शून्य टाकताना हात आखडू नका. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून एक लिहिलंत, तर ती दाटी कायमची पुसली जाईल. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल मुलाला किंवा सुनेला विचारू नका. जवळ जाऊन बसा, त्यांनाच विचारा, ‘आजी, सध्या जेवण कुणाकडे?’