छत बोलते

बुडापेस्टहून क्राकोला जाताना आमची बस स्लोव्हाकियातून जाते. बहुतेक पाहुण्यांना हा देश जेवणाच्या थांब्यापुरताच दिसतो. त्या वर्षी मी हट्टाने बान्स्का श्त्यावनित्सा कार्यक्रमात घातलं. टूर मॅनेजर म्हणून बारा वर्षं फिरतोय, पण हे गाव माझ्या मनातून जात नाही.

वस्ती जेमतेम दहा हजार. विझलेल्या एका प्रचंड ज्वालामुखीच्या पोटात गाव बसलंय आणि त्या खडकात चांदी-सोनं. जर्मन खाणवाले त्याला शेम्नित्स म्हणत, हंगेरियन शेल्मेत्सबान्या. खाणी खोल गेल्या तसं त्यांत पाणी भरू लागलं, आणि ते उपसणारी यंत्रं चालवायलाही पाणीच हवं. म्हणून अठराव्या शतकात सामुएल मिकोविनीसारख्या अभियंत्यांनी डोंगरात तळी बांधली, चरांनी जोडली. एकूण साठेक तळी होती, त्यातली वीसेक आजही भरलेली असतात.

गटात चंद्रपूरचे एक काका होते. कोळसा खाणीत माईनिंग सरदार, म्हणजे खाली कामगारांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारा माणूस, म्हणून निवृत्त झालेले. मुलाने सहल बुक करून दिली होती. सात दिवस ते बसच्या शेवटच्या सीटवर गप्प बसून. व्हिएन्नाचे राजवाडे बघूनही एक शब्द नाही.

गावात चढावर क्लोपाच्का नावाचा १६८१ सालचा मनोरा आहे. तिथे लाकडी फळीवर ठोके देऊन पहाटे खाणकामगारांना उठवत. दुभाषी मुलीने एवढं सांगितलं आणि काका पहिल्यांदा बोलले, "आमच्याइथं भोंगा वाजे. इथं फळी."

दुपारी खाणीच्या संग्रहालयात हेल्मेट, कोट आणि दिवे घेऊन आम्ही आत उतरलो. थंडी, ओल, वाकून चालायचं. पुढे वाटाड्या होता. तरुणपणी इथल्याच खाणीत काम केलेला माणूस. १९९०च्या दशकात खाणकाम थांबलं तोवर तो खाली होता. एका वळणावर काका थांबले. हातातल्या काठीने त्यांनी छतावर हलकेच ठोकलं, मग वीतभर पुढे, मग आणखी पुढे. वाटाड्या झपाझप मागे आला. मला वाटलं, आता रागावणार. त्याने दिवा वर धरला, कान छताकडे केला आणि खूण केली: पुन्हा. काकांनी ठोकलं. खणखणीत आवाज. दोघांनी एकाच वेळी मान डोलावली.

"पोरा, छत बोलते," काका मला म्हणाले. "खण्ण वाजलं तर पक्कं. भद्द वाजलं तर पळा लागते. कान द्या लागते."

मुलीने भाषांतर केलं. वाटाड्याने स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला.

पुढची सगळी सफर त्या दोघांचीच झाली. वाटाड्याने सांगितलं, ८ फेब्रुवारी १६२७ रोजी कास्पर वाइंड्ल नावाच्या, आल्प्समधल्या टिरोलच्या माणसाने याच गावाच्या खाणीत बंदुकीच्या दारूने खडक फोडला. खाणीतल्या सुरुंगाच्या जगातल्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक. आमच्यातल्या कोणी फोटो काढले, कोणी "अरे वा" म्हटलं. काकांनी विचारलं, "धूर किती टाइम राहे?" एवढ्या वर्षांत असा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. वाटाड्या थबकला. मग छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं. काकांनीही छातीवर हात ठेवला. भिंतीत सुरुंगाच्या भोकाची अर्धी पन्हळ उरली होती, तिच्यात बोट घालून ते ती टोकापर्यंत चाचपत राहिले.

वर आल्यावर वाटाड्याने हात पुढे केला. "ज्दार बोह." खाणकामगारांचा रामराम. काकांनी तो हात दोन्ही हातांत धरला.

बसला चाळीस मिनिटं उशीर झाला होता, म्हणून मी सगळ्यांना घाई करत होतो. माणसं मोजणं माझं काम. वळून बघतो तर काका दिव्यांच्या खुंट्यांसमोर उभे, एकेका दिव्यावर बोट ठेवत. शेवटचा दिवा टांगला, तेव्हा म्हणाले, "बत्तीस. सगळे वर आले."