जाम इंजिन, अडकलेले नट आणि जुन्या गाडीची खडखड

बरीच वर्षं नुसती उभी असलेली गाडी सुरू करायची असेल तर नवीन बॅटरी लावून चावी मारायची नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण बहुतेक जण उत्साहात नेमकं तेच करतात. इंजिन आतून जाम असेल तर स्टार्टर मोटर जळते नाहीतर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात जातात, आणि पिस्टन मोकळे असून एखादा वॉल्व्ह गाईडमध्ये अडकलेला असला तर त्याला ढकलणारा दांडा, पुशरॉड, वाकतो, म्हणजे दुखणं छोटं होतं ते आपणच मोठं केलं.

आमच्याकडे जी गाडी होती ती मामाची प्रीमियर पद्मिनी, कुडाळकडच्या घरी मांगरात (घराजवळच्या शेडमध्ये) कित्येक पावसाळे उभी. कुर्ल्याला बनायची ही गाडी, आधी फियाट ११०० म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून हिची शेवटची टॅक्सीसुद्धा गेली कारण तिथे टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, कार्ब्युरेटर, मागच्या चाकांना ड्राईव्ह, बॉनेट उघडलं की हात घालायला भरपूर जागा आणि एकही सेन्सर नाही. हाताने शिकायला यापेक्षा चांगलं इंजिन मला तरी माहीत नाही.

इंजिन जाम का होतं ते समजलं की अर्धं काम झालं. गाडी बंद करताना चार सिलेंडरपैकी कुठल्या ना कुठल्या सिलेंडरचा वॉल्व्ह उघडाच राहतो, कोकणातली दमट हवा त्यातून आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा जिथे टेकलेल्या असतात तिथे लोखंडाच्या भिंतीला गंज चढतो. मोबाईलला जोडायचा तो बारीक कॅमेरा मिळतो ना, तो स्पार्क प्लगच्या भोकातून सोडला तर तीन सिलेंडर नुसते काळपट दिसले आणि चौथ्यात पिस्टनच्या जरा वर भिंतीवर नारिंगी रंगाचा खरबरीत पट्टा, बोटभर रुंद. अख्खं इंजिन त्या एका पट्ट्याने धरून ठेवलं होतं.

पण कॅमेरा आत सोडायला प्लग तर निघायला हवेत, आणि यात हेड (सिलेंडरांवरचं झाकण, प्लग यातच बसतात) ॲल्युमिनियमचं आणि प्लग लोखंडी, म्हणजे जोर केला की प्लगसोबत हेडचे आटेच बाहेर. इथे तापवणं कामाला येतं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं, त्यामुळे हेड गरम केलं की भोक प्लगपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सुटते. आम्ही पेट्रोलची टाकी आणि नळ्या आधीच काढून लांब ठेवल्या होत्या (आग जवळ आणायच्या आधी हे करायचंच, आणि हाताशी वाळूची बादली ठेवायची), मग हॉट एअर गनने प्लगच्या भोवतीचा भाग तापवला, प्लगच्या बुडाशी ऑईल सोडलं, पाना लावून आधी अगदी किंचित आवळायच्या बाजूला ढकललं आणि मग उलटं. सुटताना गंजलेला आटा जो किरर्र आवाज करतो तो ऐकून फार बरं वाटतं. तो आवाज आला तरी लगेच पूर्ण फिरवत सुटायचं नाही, पाव फेरा सोडायचा, परत आवळायचा, परत ऑईल, म्हणजे गंजाची पूड आट्यात अडकून पुन्हा जाम होत नाही.

आम्हाला गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बरंच शिकवलं. मॅनिफोल्डच्या (हेडला जोडलेल्या धुराच्या नळ्यांच्या) नटाला मी पान्यावर लांब पाईप चढवायला निघालो तर ते नुसतं म्हणाले, "जोर करू नको, तुटतलो तो." तुटलेला स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, काढणं हे न तुटलेला नट काढण्यापेक्षा कितीतरी पट त्रासाचं काम आहे, त्यात इझी-आऊट (तुटलेला स्टड काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) आतच तुटला तर मग विचारूच नका, कारण तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्यावर चालत नाही आणि लेथवाल्याकडे जावं लागतं. त्यांची पद्धत म्हणजे गोटी (सॉकेट) सहा कोनाचीच घ्यायची, बारा कोनाची गंजक्या नटाचे कोपरे गोल करते. तारेच्या ब्रशने दिसणारे आटे साफ करायचे. मग नटाच्या डोक्यावर हातोडीने सरळ ठोके द्यायचे, जोरात नाही पण दणदणीत, म्हणजे आतला गंज तडकतो आणि ऑईलला वाट मिळते. मग फक्त नट तापवायचा, स्टड नाही, आणि गरम असतानाच साधी मेणबत्ती आट्याला टेकवायची. मेण पातळ होऊन आपोआप आत ओढलं जातं, आणि ज्या नटाने दोन दिवस दाद दिली नव्हती तो चक्क हाताने फिरायला लागतो. मी हे बघितलं नसतं तर विश्वास ठेवला नसता.

ऑईल कुठलं, यावर लोक भांडतात. डब्ल्यूडी-४० वाईट नाही पण ते १९५३ मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून पाणी हटवायला बनवलेलं आहे, आट्यात खोल शिरणं हे त्याचं मुख्य काम नाही. नट-बोल्टला मी लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) आणि ॲसिटोन अर्धं अर्धं वापरतो, दोन्ही नीट मिसळत नाहीत म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवायची, आणि हे मिश्रण भयंकर पेट घेतं त्यामुळे ज्या नटाला हे लावलं त्याला लगेच आग दाखवायची नाही. सिलेंडरमध्ये मात्र ॲसिटोन नको, ते उडून जातं, तिथे एटीएफ आणि डिझेल ओतायचं आणि विसरून जायचं. रोज सकाळी भोकात बघायचं, पातळी खाली गेली असेल तर ते रिंगांमधून झिरपतंय, म्हणजे आपलं काम सुरू आहे, परत भरायचं. उतावळ्या माणसाने या कामात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) पुढच्या पुलीच्या नटाला गोटी लावून हळूच पुढे, हळूच मागे. टॉप गिअर टाकून गाडी ढकलून हेलकावे देऊनही होतं, मागच्या चाकांची गाडी आहे. केसभर हलली की जिंकलो, तिथे थांबायचं, ऑईल टाकायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी. पूर्ण फेरा फिरला की प्लग न लावता बरेच फेरे फिरवायचे आणि भोकांवर फडकं धरायचं, कारण आतलं ऑईल पिचकारीसारखं उडतं. ते आत राहिलं आणि प्लग लावून स्टार्टर मारला तर द्रव काही दाबला जात नाही, सरळ कनेक्टिंग रॉड वाकतो. बाकीचं सगळं झिरपून चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑईल साठतं तिथे) गेलेलं असतं म्हणून इंजिन ऑईल बदलायचंच, आणि टाकीतलं जुनं पेट्रोल फेकायचं, रबरी नळ्याही नव्या घालायच्या कारण आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर टिकत नाही.

इंजिन सुरू झालं, धुराने मांगर भरला, मामा खूश, आणि लगेच पुढून खडखड.

आवाज शोधताना इंजिन खोलायची घाई अजिबात करायची नाही, आधी आवाजाला प्रश्न विचारायचे. गरम झाल्यावर कमी होतो का? मग पिस्टन लायनरला आपटतोय अशी शक्यता, फार काळजी नको. इंजिनच्या वेगाच्या निम्म्याने टिकटिक येते का? मग टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट, कारण वॉल्व्ह चालवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. लोड दिला की खालून जड ठोका येतो का? मग एकेका प्लगची वायर काढून बघायची, ज्या सिलेंडरची काढल्यावर ठोका दबतो त्याच्या बिगेंडचं (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) बेरिंग गेलं, आणि मग गाडी एक किलोमीटरसुद्धा चालवायची नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला, हा आपला स्टेथोस्कोप, फक्त फॅनपासून लांब राहायचं.

आमच्या खडखडीचं उत्तर सगळ्यात सोप्या चाचणीने मिळालं. फॅनबेल्ट काढला आणि अर्धा मिनिट इंजिन चालवलं (त्याहून जास्त नको, वॉटर पंप फिरत नसतो), आवाज गायब. म्हणजे इंजिन निर्दोष, पंप किंवा डायनॅमो. पंपाची पुली हाताने हलवली तर घट्ट, डायनॅमोची फिरवली तर बोटांना आत वाळू असल्यासारखं जाणवत होतं. बेरिंग बदललं, काम संपलं. एका गॅरेजमध्ये याच आवाजावर टायमिंग चेन बदलायला लागेल म्हणून सांगितलं होतं.

रस्त्यावर आणल्यावर मागून खडाखडा, ती इंजिन बंद करून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तरी येत होती म्हणजे इंजिनाचा संबंध नाही, सपाट गुळगुळीत रस्त्यावर बंद, वाडीतल्या जांभ्या दगडाच्या रस्त्यावर चालू. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकाला जोडणाऱ्या शॅकलचे रबरी बुश भुगा झाले होते. तिथले बोल्ट काढायला परत तेच, ब्रश, ठोके, मेणबत्ती, आणि वाट बघणं.

टॅपेटची बारीक टिकटिक मात्र मी मुद्दाम थोडी ठेवली आहे. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेट करताना आवाज पूर्ण बंद करायचा मोह होतो, पण गॅप कमी ठेवला की गरम झाल्यावर वॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची कड जळते. आवाज करणारा टॅपेट चालतो, घट्ट टॅपेट चालत नाही. पुढचं काम पुढच्या चाकांच्या किंग पिनचं (चाक ज्यावर वळतं ती पिन), तिच्या ग्रीस भरायच्या निपलमध्ये ग्रीस शिरतच नाहीये, सध्या त्यावर एटीएफ सोडून ठेवलंय.