तुम्ही विचारलंत म्हणून: लाकडी घड्याळ करून का देत नाही

नाही, करून देत नाही. पैशांचा प्रश्न नाही, सवडीचाही नाही, आणि भाव तर अजिबातच खात नाही. पण माझ्या भिंतीवरची घड्याळं बघून गेलेला जो तो म्हणतो, "आम्हालाही एक द्या की, काय होतील ते घ्या." मी काहीतरी पुटपुटतो आणि माणूस मला आखडू समजून जिना उतरतो. म्हणून एकदाच काय ते सांगून टाकतो.

पूर्वी द्यायची हौसच होती. ताईच्या पुण्याच्या घराच्या वास्तुशांतीला मी सेकंदाचा लंबक (एका झोक्याला एक सेकंद) असलेलं मोठं घड्याळ दिलं. चक्रं सगळी बर्च प्लायची. अखंड सागवानाचं चक्र डोंबिवलीच्या पावसात काय करतं ते मी भोगलं होतं: लाकूड रेषांना आडवं फुगतं, रेषांच्या दिशेनं जवळजवळ नाहीच, त्यामुळे गोल चक्र लंबगोल होतं आणि दाते कुठे रुततात, कुठे निसटतात. प्लायचे थर एकमेकांना आडवे, त्यामुळे ते एकमेकांना आवरून धरतात. मधलं चक्र 64 दात्यांचं, त्यानंतरचं 60 चं, दोन्हींपुढे आठ-आठ दात्यांची पिनियनं, म्हणजे छोटी चक्रं. 64 भागिले 8 म्हणजे आठ, 60 भागिले 8 म्हणजे साडेसात; आठ गुणिले साडेसात, साठ. मधलं तासात एकदा फिरलं की टोकाचं 30 दात्यांचं चक्र मिनिटाला एकदा फिरतं. दाते फ्रेट करवतीनं कापलेले, एकेक कानशीनं घासलेला.

भिंतीवर लावलं, टिक आणि टक सारख्या अंतरानं येईपर्यंत कान देऊन जुळवलं. लंबकाचं वजन खालच्या नटवर एक मिलिमीटर उतरलं तर घड्याळ दिवसाला 43 सेकंदांच्या आसपास मागे पडतं, हेही भावोजींना दाखवलं. त्यांनी नट फिरवूनही पाहिला. "रोज रात्री दोरी ओढून घड्याळ चालवणारं वजन वर घ्यायचं, बस," मी म्हणालो. "बस ना? मग काय," ते म्हणाले.

गणपतीत गेलो तर घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर. मी खूश. आरती झाली, प्रसाद झाला, पाहुणे पांगले, तेव्हा कुठे लक्षात आलं की आवाज येत नाहीये. जवळ गेलो. सेकंदाचा काटा न थांबता सरकत होता, खालचा लंबक मात्र ढिम्म. हात लावून पाहिला. मागून एम-सीलनं चिकटवलेला होता. वजन दोरीसकट खिळ्याला बांधलेलं, कारण "लटकलेलं छान दिसतं." मागे वाकून पाहिलं तर मधलं चक्र गायब, पुढच्या पाटीतलं भोक ड्रिलनं मोठं केलेलं आणि तिथे काळ्या प्लॅस्टिकची चौकोनी क्वार्ट्झ मशीन, आत पेन्सिल सेल. बाकीची चक्रं जागच्या जागी, शोभेला.

ताई मागे येऊन उभी राहिली. "अरे, जूनमध्ये रंगकाम काढलं तेव्हा उतरवलं होतं, परत लावल्यावर चालेचना. हे घड्याळवाल्याकडे घेऊन गेले. तू येणार, तुला बंद दिसलं तर वाईट वाटेल म्हणून..."

यावर काय बोलणार? परत लावताना जरासं तिरकं लागलं असणार. एका बाजूला अर्धा सेंटिमीटर सरकवलं असतं की चाललं असतं. एक फोन. पण फोन करायला त्यांना संकोच वाटला, आणि त्यांनी जे केलं ते माझ्यासाठीच केलं. ताईनं पिशवीतून 64 दात्यांचं चक्र काढून दिलं, जपून ठेवलेलं. एकही दाता दुखावलेला नव्हता. मी "बरं केलंत" म्हणालो आणि मोदक खाल्ला.

तेव्हापासून देत नाही. लाकडी घड्याळाला घरात कान देणारं माणूस लागतं, असं मी सांगत फिरतो. पण हे म्हणणं पूर्ण टिकत नाही, हेही मलाच ठाऊक आहे. अमेरिकेत कनेक्टिकटच्या ईलाय टेरीनं 1806 च्या करारावर 4000 लाकडी घड्याळांची यंत्रं केली. पितळ महाग, लाकूड स्वस्त, त्यामुळे ती साध्यासुध्या घरांत गेली. त्या घरांत कुठे होता कुणी कारागीर? इंग्लंडात सुतार जॉन हॅरिसननं 1722 च्या सुमाराला ब्रॉकल्सबी पार्क या इस्टेटीसाठी केलेलं लाकडी घड्याळ तर आजही चालतं. त्याला तेलही लागत नाही, कारण बेअरिंगचं लिग्नम व्हिटी लाकूड मुळातच तेलकट. दाते वेगळे बसवलेले, प्रत्येकाच्या रेषा मध्यापासून बाहेर जाणाऱ्या. हे सांगितलं की माझा जुना मीच मला टोकतो: मग तूही तसं कर ना! परक्या घरात चालत नाही ते घड्याळ कसलं, तुझं खेळणं आहे ते. त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. तेव्हा रोज दोरी ओढणं हा घरकामाचाच भाग होता, आज नाही, एवढं म्हणतो. तो म्हणतो, पळवाट.

आणि हो, क्वार्ट्झच्या अचूकतेशी माझं भांडण नाही. सेकंदाला स्फटिकाची 32,768 कंपनं होतात तिथे, माझा लंबक काय पुरा पडणार.

परवा ताईचा फोन आला. भाची विचारतेय, मामाचं घड्याळ पुन्हा टिकटिक करेल का. करेल. पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, ठोकून भोक पूर्वीच्या मापाचं करता येईल, एम-सील खरवडून काढता येईल, चक्र माझ्याकडे आहेच. रात्री दोरी कोण ओढणार, एवढंच मी विचारलं. "बघू रे," ताई म्हणाली. अजून हो म्हटलेलं नाही मी.