रात्री तोंड धुताना

माझ्या लेखी त्वचेचा दिवस रात्री सुरू होतो. दिवसभराचं सनस्क्रीन, घाम, धूळ आणि त्वचेचं स्वतःचं तेल चेहऱ्यावर बसलेलं असतं. ते नीट उतरलं नाही तर वरून काय लावतो याला फारसा अर्थ उरत नाही. आज हे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण स्वतःची काळजी घ्या म्हणत हल्ली इतक्या बाटल्या समोर ठेवल्या जातात की मूळ काम बाजूलाच पडतं. त्वचेचा सगळ्यांत वरचा थर शाबूत ठेवायचा आणि त्याला उन्हापासून जपायचं, एवढंच ते काम. बाकीचं हौस आणि गरज असेल तसं.

हा वरचा थर चेहऱ्यावर मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांएवढाच जाड असतो. चपट्या, मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं या मेदांचा चुना, अशी त्याची रचना. चुना झिजला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. थराचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू साधारण ४.५ ते ५.५. अंगाच्या साध्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. तो चेहऱ्याला रोज दोनदा लागला की गाल का ओढले जातात, ते वेगळं सांगायला नको.

तर क्रम असा. दात आधी घासायचे, केस धुवायचे असतील तर तेही आधी, चेहरा सगळ्यांत शेवटी. कंडिशनरचा ओशट थर कपाळावर आणि मानेवर राहिला की तिथे बारीक पुटकुळ्या येतात आणि दोष मात्र क्रीमला दिला जातो. पाणी कोमट घ्यायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम ना गार लागेल इतपत. कढत पाण्याबरोबर तो मघाचा चुनाही निघून जातो.

पाण्याला दाद न देणारं सनस्क्रीन किंवा मेकअप असेल तर आधी क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम. यात हमखास होणारी चूक म्हणजे ओले हात. हात आणि चेहरा दोन्ही कोरडे हवेत, नाहीतर तेल आधीच पाण्यात मिसळतं आणि सनस्क्रीन जागच्या जागी राहतं. हलक्या बोटांनी मिनिटभर फिरवायचं, मग बोटं ओली करून पुन्हा फिरवायचं. तेल दुधासारखं पांढरट झालं की धुवायचं. हा पांढरेपणा त्यातल्या इमल्सिफायरमुळे, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव करणाऱ्या घटकामुळे येतो. नुसत्या तेलात तो नसतो, म्हणून ते पाण्याने निघत नाही, चेहऱ्यावर तवंग ठेवून जातं.

त्यानंतर फेसवॉश, वाटाण्याएवढा. तळहातावर पाण्यात कालवून मगच चेहऱ्याला, अर्धा ते एक मिनिट. नाकपुड्यांच्या कडेच्या खाचा, हनुवटीची खालची बाजू, कानांपुढची पट्टी आणि केसांची रेघ ही ठिकाणं धुताना राहतात, आणि पाणी मारतानाही नेमकी तीच सुटतात. जबड्याच्या कडेने कायम पापुद्रे सुटत असतील तर आधी हे पाहावं की फेसवॉश तिथून पुरता निघतो का. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर आणखी चार ओंजळी पाणी. मग स्वच्छ टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही.

फेसवॉश आपल्याला मानवतो की नाही हे ओळखायला लेबल लागत नाही. टिपल्यावर दहा मिनिटं काहीच लावू नये आणि मोकळेपणाने हसून-बोलून पाहावं. गाल ओढल्यासारखे वाटले किंवा तोंडाच्या कडा ताणल्या गेल्या तर तो तीव्र आहे. बोट फिरवताना चर्रचर्र आवाज येणारी त्वचा म्हणजे फार स्वच्छ त्वचा, असा समज आहे. मला तो अगदी चुकीचा वाटतो. तो आवाज जरुरीपेक्षा जास्त मेद निघून गेल्याचा असतो. कोरड्या त्वचेला सकाळी नुसतं पाणी पुरतं.

मॉइश्चरायझर त्वचा ओलसर असतानाच लावायचं, टिपल्यानंतर दोन-तीन मिनिटांत. ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतात, मेदयुक्त घटक फटी भरतात, आणि पेट्रोलियम जेली किंवा डायमेथिकोन वरून झाकण घालतात. चांगल्या क्रीममध्ये हे तिन्ही थोडेथोडे असतात. नुसतं पाणी धरणारं सिरम कोरड्या हवेत लावून वर काहीच घातलं नाही, तर काही वेळाने चेहरा आधीपेक्षा जास्त ओढू शकतो, म्हणून त्यावर क्रीम हवंच. कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन गाल असे पाच ठिपके द्यायचे, पसरवायचं आणि मानेपर्यंत न्यायचं. तेलकट त्वचेलाही हे लागतं, फक्त जेलसारखं हलकं घ्यावं.

औषधी घटक एका वेळी एकच सुरू करावा, आणि दुसरा चार आठवड्यांनंतर. हे मी अगदी आग्रहाने सांगेन. दोन नव्या वस्तू एकदम लावल्या आणि चेहरा लाल झाला, तर दोष कुणाचा हे कधीच कळत नाही. त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला छोट्याशा जागी रोज थोडं लावून आठवडाभर वाट पाहावी. ॲलर्जीचं पुरळ उठायला कधी कधी दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे एका रात्रीत काही झालं नाही यावर विसंबू नये. नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३चा एक प्रकार) २ ते ५ टक्के बहुतेकांना सहज मानवतं. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं म्हणून रंध्रांत उतरतं, आणि तुंबलेल्या रंध्रांच्या काळ्या-पांढऱ्या टोकांसाठी (ब्लॅकहेड्स, व्हाइटहेड्स) २ टक्क्यांपर्यंतचं पुरेसं असतं. व्हिटॅमिन सीचं सिरम गडद तपकिरी झालं की टाकून द्यावं, ते हवेने खराब झालेलं असतं.

रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन एच्या कुळातलं औषध, हा या सगळ्यांत सर्वांत भरवशाचा आणि वापरताना सर्वांत जास्त चुका होणारा घटक. पेशी तयार होऊन वर येण्याची गती तो बदलतो, रंध्रं तुंबू देत नाही, आणि दीर्घकाळात उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्यांवरही काम करतो. मॉइश्चरायझरच्या उलट हा पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर लावायचा, कारण ओल्या त्वचेत तो जास्त आत जाऊन आग करतो. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढा पुरे. पहिला महिना आठवड्यातून दोन रात्री, मग एकाआड एक. नाकाच्या खाचा, ओठांच्या कडा आणि डोळ्यांचे कोपरे इथे आधी पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवून ठेवावं, कारण औषध सरकत जाऊन तिथेच साचतं आणि तिथलीच कातडी आधी सोलवटते. त्वचा नाजूक असेल तर आधी क्रीम, मग औषध, मग पुन्हा क्रीम. पहिल्या काही आठवड्यांत नेहमीच्या जागी थोड्या जास्त पुळ्या येऊ शकतात. त्या कधीच येत नसत अशा जागी आल्या, किंवा खाज आणि सूज आली, तर तो जुळवून घेण्याचा काळ समजू नये, बंद करावं. गरोदरपणात आणि गर्भधारणेचा विचार चालू असताना रेटिनॉइड वापरायचं नाही.

या ट्यूबकडे पाहताना तिचा इतिहासही मनात येतो. ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड मुरमांवर आणि नंतर १९८६ मध्ये उन्हाने वयस्क झालेल्या त्वचेवर उपयोगी पडतं हे दाखवणाऱ्यांत अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांचं नाव पुढे आहे. याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या त्वचेवर १९५१ पासून १९७४ पर्यंत प्रयोग चालवले. आपल्या गालावरच्या आरामामागे कुणाच्या तरी पाठीची कातडी आहे, हे माहीत असावं असं मला वाटतं.

सकाळचं काम छोटं, पण त्यातलं सनस्क्रीन मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात. रोजच्या वापरात बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत, त्यामुळे बाटलीवर ५० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्यावर त्याहून कितीतरी कमी संरक्षण उतरतं. तर्जनी आणि मधलं बोट, बुडापासून टोकापर्यंत दोन भरगच्च रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. एकदम बसत नसेल तर एक रेघ लावून थोडं थांबून दुसरी. ३० एसपीएफ लालसर भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के. तेव्हा आकड्यापेक्षा मात्रेकडे लक्ष द्यावं. शिवाय एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचं, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांचं मोजमाप आहे. सुरकुत्या आणि काळपटपणा यांत मोठा वाटा असलेले यूव्हीए किरण काचेतून आत येतात, म्हणून बाटलीवर ब्रॉड स्पेक्ट्रम (दोन्ही किरणांपासून संरक्षण) हे शब्द किंवा यूव्हीएपासूनचं संरक्षण दाखवणाऱ्या पीए या अक्षरांपुढची अधिक (+) चिन्हं पाहावीत. वांग असलेल्यांना दिसणारा प्रकाशही त्रास देतो. त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची झाक असलेलं सनस्क्रीन निवडावं.

लावताना बारीक लोळ्या सुटतात ही नेहमीची तक्रार. खालचं क्रीम मुरलेलं नसतं, थर फार झालेले असतात, किंवा आपण चोळत राहतो. खालचा थर कमी करावा, पाच मिनिटं थांबावं आणि सनस्क्रीन घासण्याऐवजी दाबून बसवावं. कान, मानेची मागची बाजू आणि हातांचे पंजे विसरू नयेत. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसल्यावर किंवा पोहल्यावर लगेच.

आता वेळेबद्दल. खालच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन झडायला तरुण त्वचेत साधारण चार आठवडे लागतात, वयानुसार त्याहून जास्त. मुरमांच्या औषधाचा गुण पाहायला तीन महिने द्यावे लागतात, डागांना आणखी. दोन आठवड्यांत बाटली बदलणारा माणूस कुठल्याच बाटलीला संधी देत नाही. रोज आरशात पाहून फरक कळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक फोटो काढून ठेवावा. आरसा हातभर अंतरावरचा बरा. मोठं करून दाखवणाऱ्या आरशात प्रत्येक रंध्र खड्ड्यासारखं दिसतं, नखं आपोआप वर जातात, आणि चार दिवसांत बसणारी पुळी फोडल्यामुळे काही महिन्यांचा डाग ठेवून जाते. स्वतःच्या चेहऱ्यावर दिवसातून दोनदा कुठलाही निवाडा न करता हात फिरवायचा, हा या नेमातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग आहे. हात सावकाश फिरतो तेव्हा दुखरी गाठ, नवा कोरडा पट्टा, खरखरीत जागा बोटांना वेळेवर कळते.

दमलेल्या रात्रीसाठी एक किमान पातळी ठरवून ठेवावी: एकदा फेसवॉश, एकदा क्रीम. औषधाची रात्र हुकली तरी चालते. दुसऱ्या दिवशी दुप्पट लावून भरपाई मात्र करू नये.

कधी साधं क्रीमही चुरचुरू लागतं, चेहरा तेलकट नसूनही तुळतुळीत चमकतो, गालांवर बारीक खरखर उठते. वरचा थर दुखावल्याची ही खूण. तेव्हा ॲसिड, रेटिनॉइड, स्क्रब, सुवासिक वस्तू सगळं थांबवायचं. सौम्य फेसवॉश, सेरामाइडचं क्रीम, सनस्क्रीन, आणि रात्री सगळ्यांत जास्त जळजळणाऱ्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. दोन ते चार आठवडे धीर धरावा लागतो. या काळात आणखी एक आराम देणारं सिरम घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. लिंबाचा रस आणि टूथपेस्ट चेहऱ्यापासून कायमच लांब ठेवावेत. लिंबाचा सामू २ च्या आसपास असतो, आणि त्यातल्या घटकांमुळे उन्हात भाजल्यासारखे फोड येऊन काळे डाग राहू शकतात.

आठवडाभरात चेहरा उजळ आणि गुळगुळीत करणाऱ्या ट्यूबची मात्र मला खरोखर भीती वाटते. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. नावाच्या शेवटी ‘सोन’ असलेला बीटामेथासोन, मोमेटासोनसारखा घटक दिसला की डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय हात लावू नये. काही आठवडे चेहरा सुंदर दिसतो, मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरमं उठतात, आणि ट्यूब थांबवली की आग भडकते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. बरेच दिवस वापरली असेल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. कपाळावर एकसारख्या आकाराचे, खाजरे बारीक दाणे उठले आणि मुरमांच्या औषधाने हलेनात, तरी तिथेच जावं. ते बुरशीमुळेही असू शकतात. बदलणारा तीळ, किंवा महिनाभरात न भरणारी जखम असेल तर आठवडाही थांबू नये. जाताना चेहऱ्याला लागणारी प्रत्येक ट्यूब आणि बाटली, शॅम्पू आणि दाढीचं क्रीम धरून, पिशवीत घालून बरोबर न्यावी, आणि महिन्या-महिन्याचे ते फोटो.