नव्वद अंशांच्या पाण्यातून वीज

नवी मुंबईतल्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या कारखान्यांत नव्वद अंशांच्या आसपासची उष्णता जागोजागी वाया जाताना दिसते. रसायनांच्या रिअॅक्टरच्या जॅकेटमधून (भोवतालच्या कवचातून) परतणारे पाणी, रंगाईच्या यंत्रांतून सांडपाणी प्रक्रियेकडे वाफाळत जाणारे पाणी, हवा दाबणाऱ्या स्क्रू कंप्रेसरमधून ऑइल कूलरकडे जाणारे तापलेले तेल, ही सगळी पैसे मोजून घेतलेलीच ऊर्जा आहे. तिची वीज करावी, असे मला मनापासून वाटते.

तंत्र जुनेच आहे. पाण्याऐवजी पेंटेनसारखा, सुमारे 36 अंशांना उकळणारा द्रव वापरायचा, वाया जाणाऱ्या उष्णतेने त्याची वाफ करायची, तिच्यावर टर्बाइन फिरवायचे आणि ती थंड करून पुन्हा पंपाने आत ढकलायची. यालाच ऑरगॅनिक रँकिन चक्र म्हणतात.

अडचण थंड बाजूची, म्हणजे ती वाफ पुन्हा थंड करण्याची आहे, आणि आपल्याकडे तिचा पुरेसा विचार होत नाही. फ्रेंच अभियंता सादी कार्नोने 1824 मध्ये दाखवून दिले, की उष्णतेपासून किती काम मिळेल याची मर्यादा दोन्ही टोकांच्या तापमानांवरून ठरते. अलास्कातल्या चेना येथे 2006 पासून अवघ्या 74 अंशांच्या भूगर्भीय पाण्यावर वीज तयार होते, कारण तिथे थंड करायला चार-पाच अंशांचे पाणी मिळते. त्यामुळे तिथे ती मर्यादा 20 टक्क्यांच्या आसपास जाते. खाडीकाठच्या दमट जुलैमध्ये आपला कूलिंग टॉवर फार तर 30-32 अंशांचे पाणी देतो, त्यामुळे तेच 74 अंशांचे पाणी इथे 12 टक्क्यांवर अडकते. 90 अंशांना मर्यादा 16 टक्के. प्रत्यक्षात हाती येते त्याच्या निम्मे, आणि त्यातूनही पंप-पंख्यांची वीज वजा करावी लागते.

म्हणजे 90 अंशांच्या 100 किलोवॉट उष्णतेतून फार तर सात किलोवॉट. तीच उष्णता व्हेपर अॅब्सॉर्प्शन चिलरला, म्हणजे विजेऐवजी मुख्यतः उष्णतेवर चालणाऱ्या शीतयंत्राला दिली तर सुमारे 20 टन शीतकरण मिळते, आणि विजेवरच्या चिलरचे साधारण 14 किलोवॉट वाचतात. म्हणून जिथे चिलर बाराही महिने चालतो, तिथे मी आधी हाच पर्याय सुचवीन. बॉयलरचे फीड वॉटर (त्यात भरले जाणारे पाणी) तापवायला ती उष्णता पुरत असेल, तर त्याहूनही आधी ते करावे.

वीजनिर्मितीची खरी जागा उरते ती अशा ठिकाणी, जिथे उष्णता चोवीस तास एकसारखी येते, पण आवारात ना गरम पाण्याची गरज आहे ना थंडाव्याची. मात्र तिथेही यंत्राचा हिशोब पावसाळ्यातल्या कूलिंग टॉवरच्या तापमानावर मांडलेला हवा.