फूटभर पाण्यात

शनिवार, रात्र. ब्लॅकवॉटर खाडी, एसेक्स.

ऑसी बेटाच्या आडोशाला नांगर टाकलाय. ओहोटी लागून दोनेक तास झाले. अजून तासाभरात होडी चिखलात टेकेल आणि पहाटे पाचपर्यंत जागची हलणार नाही. खोल पाण्यात तीस-पस्तीस फुटी यॉट उभ्या आहेत, त्यांना इकडे फिरकायची सोय नाही. माझी ड्रॅस्कोम्ब लगर ही छोटी शिडाची होडी. तिची सेंटरप्लेट, म्हणजे तळातून खाली सोडायची पाती, वर ओढली की फूटभर पाणी पुरतं.

आई परवा फोनवर म्हणाली, “एवढं कमावतोस आणि होडीला साधी खोली नाही?” नाहीच आहे. पावणेएकोणीस फुटांची उघडी होडी. रात्री वर ताडपत्री ओढायची आणि स्लीपिंग बॅगेत शिरायचं. संडासाचा प्रश्न मी ऐकूच न आल्यासारखा केला. बादलीचं तिला कशाला सांगा!

दुपारी खाडीच्या तोंडाशी, ब्रॅडवेलपुढे वारा चढला. वाऱ्याची आणि ओहोटीची तोंडं समोरासमोर, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. मोठं शीड उतरवलं, मागच्या काठीवरचं छोटं मिझन घट्ट ओढलं, तशी होडी आपणहून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. सुकाणू सोडून सावकाश शीड आखूड केलं, थर्मासमधला चहा प्यायलो आणि निघालो. लगरच्या मोठ्या शिडाला खाली आडवा दांडा नसतो, म्हणजे डोकं फुटायची भीतीही नाही. जॉन वॉटकिन्सनने साठच्या दशकात ही होडी आखली. त्या माणसाला एकट्याच्या दोन हातांचा हिशेब नेमका कळला होता.

आकाराचं गणित विचित्र असतं. त्याच घडणीच्या होडीची लांबी दुप्पट केली की वजन साधारण आठपट होतं. मग शीड हाताने आवरत नाही, दोर ओढायला विंच, म्हणजे फिरवायचं चक्र, येतो. नांगर उचलवत नाही, त्याला मोटर. मोटरला बॅटरी, बॅटरीला इंजिन. एकटा जाणारा माणूस शेवटी खलाशी कमी आणि वायरमन जास्त होतो.

दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती 56 फुटी. महासागराला तसलीच होडी हवी असं मी म्हणणार होतो, पण वेब चाइल्स नावाचा अमेरिकन 1978 मध्ये असल्याच उघड्या लगरमधून पॅसिफिकवर निघाला आणि पार ऑस्ट्रेलिया गाठली. असतात काही माणसं. मला किनारा दिसत असला म्हणजे पुरे.

हल्ली साधेपणाचंही दुकान झालंय. टायटॅनियमचा चमचा घेऊन ‘मिनिमल’ म्हणवणाऱ्यांशी मला कर्तव्य नाही. माझा चमचा स्टीलचा, घरचाच. नांगरात मात्र काटकसर नाही: लागतो त्यापेक्षा एक नंबर मोठा, साखळीसकट. लाइफजॅकेट अंगात, व्हीएचएफ रेडिओ खिशात. बाकी जे होडीवर नाही ते बिघडतही नाही.

उद्या तरंगलो की भरतीबरोबर खाडीच्या आतल्या टोकाचं माल्डन गाव. वारा पूर्वेचा राहिला तर शिडावर, पडला तर वल्ही मारत. रविवारी तिथली दुकानं लवकर उघडत नाहीत, तेव्हा पोहे इथेच करून निघावं. कांदा आहे, लिंबू संपलंय.